नर्सरीवाल्या भाऊंसाठी : तण कसं खपवावं

भाऊ, पहिली सर येऊन गेली की तुमच्या हिरव्या जाळीखाली गर्दी होणारच. मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघालेला नागपूरकर तीनच गोष्टी विचारतो. लवकर वाढते का? पाणी कमी लागते का? बकरी खात तं नाही न? या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क बहुतेक वेळा तणालाच मिळतात. मग डोकं कशाला शिणवता? तणच विका.

घाणेरीपासून सुरुवात करा. मात्र कुंडीवर ‘घाणेरी’ किंवा ‘रायमुनिया’ चुकूनही लिहू नका. काकूंच्या माहेरी बांधावर तीच माजलेली असते. ‘लँटाना’ लिहा, पुढे ‘हायब्रिड’ जोडा आणि भाव दुप्पट करा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबानंही ती कलकत्त्यात शोभेसाठीच आणली होती. आता पेंचच्या जंगलात ती काढायला मजूर लावावे लागतात. तिकडे उपटणाऱ्याला रोजगार, इकडे लावणाऱ्याला. ‘ही जात बी धरत नाही,’ असं ठणकावून सांगा. तिचा पराग रानातल्या घाणेरीला फळवू शकतो, हे फुलपाखराला ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नाही.

वेडेलियाचं तर काय सांगू! पिवळी फुलं, हिरवागार गालिचा. मीही हौसेनं एक पिशवी आणली होती. विटांच्या कडेपर्यंत शिस्तीत आली, मग विटेवर चढली, पेरापेराला मुळं सोडत नालीच्या जाळीत शिरली. वैतागून उपटली आणि कंपाउंडबाहेर फेकली, तर आठवडाभरात त्या ढिगातूनच हिरवे शेंडे वर. तक्रार घेऊन गेलो तेव्हा मालक कौतुकानं म्हणाले, ‘पाहा, किती मस्त लागली!’ असं उत्तर तोंडपाठ ठेवा.

कमळाच्या टाक्यांशेजारी जलपर्णीही मांडा. जांभळं फूल, फुगीर देठ, पोरं हरखतात. महिन्याभरात टाकं भरलं की गिऱ्हाईक उरलेली झाडं पिशवीत घालून तलावात सोडून येतं. मग अंबाझरी तलावावर मशिनं लावून ती काढतात. काढोत बापडे, बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहतं, धंदा काही बुडत नाही.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं जगातल्या १०० उपद्रवी परक्या जातींची यादी काढली आहे. घाणेरी, वेडेलिया, जलपर्णी, सुबाभूळ, आफ्रिकन ट्युलिप, सगळे त्यात हजर. काही नर्सऱ्या माल भरण्याआधी ती यादी बघतात म्हणे. तुम्हीही बघा, ऑर्डर द्यायला सोपं जातं.

कुंडीतली माती बदलू नका, उगवलेलं गवत फुलण्याआधी खुडू नका. एकेक गाजरगवत हजारो बिया देतं. गुलाबासोबत फुकट जाऊ द्या.

भीती एकाच गिऱ्हाइकाची. ते शास्त्रीय नाव विचारतं, पाटी मागतं आणि वर म्हणतं, ‘कुंपणाला निर्गुडी आहे का?’ पंचाईत अशी की निर्गुडी इथलीच, पाणी कमी मागते, बकरी सहसा तोंड लावत नाही आणि जांभळी फुलतेसुद्धा. मागच्या कोपऱ्यात तिची चार रोपं असतील, तर त्यांच्यापुढे शेणखताची पोती रचून ठेवा. आणि पोऱ्याला आधीच सांगून ठेवा, ‘संपली’ म्हणायचं.