माझा लेक तीन आठवडे ‘नको’ म्हणत होता

खूप दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच. परवा मंडळाच्या कार्यक्रमात एक मुलगी भेटली, कॅनडात येऊन दीड वर्ष झालंय, मुलगा सिनियर केजीत आहे, त्याच्या विशेष गरजांबद्दल शाळेकडून मीटिंगचं पत्र आलंय आणि ती मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारते, ताई त्या मीटिंगला जायलाच लागतं का हो, आणि गेलं तर आपण काय बोलायचं? सात वर्षांपूर्वीची मीच समोर उभी आहे असं वाटलं मला. तिथे उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण बाजूला जेवणाची रांग, मुलांचा गोंधळ, नीट काही बोलणं झालंच नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे, ज्यांना गरज आहे ते वाचतील.

आधी थोडं समजून घ्या. आपल्याकडे बोर्ड म्हटलं की दहावी-बारावीचं बोर्ड डोळ्यासमोर येतं. इथे ओंटारियोत स्कूल बोर्ड म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, तिचे ट्रस्टी लोकांनी मत देऊन निवडलेले असतात. आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणं ही त्या बोर्डाची कायद्याने जबाबदारी आहे. १९८० साली बिल ८२ म्हणून कायदा आला तेव्हापासून. त्याआधी असं बंधनच नव्हतं, म्हणजे तुमचं मूल घ्यायचं की नाही, त्याच्यासाठी काही करायचं की नाही हे बरंचसं बोर्डाच्या मर्जीवर. तेव्हा मीटिंगला जाताना आपण काही मागायला चाललोय अशा भावनेने जाऊ नका, ही पहिली गोष्ट.

मी तशीच गेले होते. लेकाचं ऑटिझमचं निदान चार वर्षांचा असताना झालं. त्याआधी दोन वर्षं सगळ्यांनी समजूत घातली, मुलगे उशिरा बोलतात गं, आमचा हासुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, बोलेल हो. पहिल्या मीटिंगला मी एकटीच, नवऱ्याची नाईट शिफ्ट झालेली. खोलीत शिरले तर टेबलाच्या पलीकडे सात जण, प्रत्येकासमोर फाईल, आणि माझ्या खुर्चीसमोर टिश्यूचा डबा ठेवलेला. तो डबा मला अजून दिसतो. म्हणजे ही बाई रडणार हे आधीच ठरलेलं. चाळीस मिनिटं ते भराभर बोलले, माझं इंग्रजी चांगलं आहे तरी निम्मं डोक्यावरून गेलं, शेवटी कागद पुढे सरकवला आणि मी सही केली. वाचला नाही. मनात काय तर ही एवढी शिकलेली माणसं, यांना कळतं, आपण कशाला मध्ये बोलायचं. गुरुजी सांगतील ते खरं, ह्यात वाढलो ना आपण.

त्याच मीटिंगमध्ये कुणीतरी सांगितलं की घरी फक्त इंग्रजीच बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतोय. आम्ही ऐकलं. पाच महिने घरात मराठी बंद. आजी फोनवर काहीतरी गाऊन दाखवायची, बोलायची, तर आम्ही फोन काढून घ्यायचो. ह्याचा पश्चात्ताप मला आयुष्यभर राहील, कारण दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलंच नाही, हे मला खूप उशिरा एका स्पीच थेरपिस्टने सांगितलं. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर कृपा करून ऐकू नका.

आणि मग ती वही. शाळेत त्याच्याबरोबर एक ईए असायची, ईए म्हणजे वर्गात अशा मुलांना मदत करणारी सहाय्यक, ती रोज वहीत दोन ओळी लिहून पाठवायची. एक दिवस लिहिलेलं, आज दुपारी हात धुवायला नेताना परत परत नाको नाको करत होता, नाचो मागतोय असं वाटतं, डब्यात देऊन बघाल का? मी ओट्यापाशी उभी होते, गॅसवर भाजी होती. मागची पानं उलटली. तीन आठवडे. कुठे ‘निरर्थक आवाज काढत होता’, कुठे ‘ओरडला’, एके दिवशी ‘चावला, पालकांना फोन केला, घरी पाठवला’. तो नको म्हणत होता हो. बाथरूममधलं हात वाळवायचं मशीन, त्याचा घरघर मोठा आवाज त्याला सहन व्हायचा नाही. ज्या मुलाला बोलता येत नाही म्हणून आम्ही सगळे एवढे जमलो होतो तो मुलगा स्पष्ट शब्दात सांगत होता आणि अख्ख्या शाळेत ते कळणारं एकही माणूस नव्हतं. मी खूप रडले त्या दिवशी. भाजी करपली.

ईएची ह्यात काही चूक नव्हती, तिला मराठी कशी येणार. चूक ही की मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बारा शब्दांची यादी केली, इंग्रजी अक्षरांत उच्चार आणि पुढे अर्थ. नको, पुरे, पाणी, भूक, शू, दुखतंय, भीती, थांब, दे, चल, आई, बास. ईएने ती लॅमिनेट करून गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला अडकवली आणि पहिल्याच दिवशी तिने त्याला पेपर टॉवेल देऊन ‘मशीन नको’ असं म्हटलं. त्यानंतर चावणं थांबलं, म्हणजे एकदम नाही, पण महिन्याभरात थांबलं. शाळा आणि पालक मिळून काम करतात ते कसं असतं असं मला कुणी विचारलं तर मी तो प्लास्टिकचा तुकडा दाखवेन. शाळेकडे शिक्षण आहे, अनुभव आहे, पण आपल्या पोराचं नको कसं असतं हे फक्त आपल्यालाच ठाऊक असतं.

आता कामाचं. आयपीआरसी नावाची एक कमिटी असते, किमान तीन माणसांची. मुलाला विशेष गरज आहे का, कुठल्या प्रकारची, आणि त्याला कुठल्या वर्गात ठेवायचं हे ती ठरवते. ही कमिटी बसवा असं तुम्ही स्वतः प्रिन्सिपलला लिहून मागू शकता, आणि लिहून मागितलंत की त्यांना नाही म्हणता येत नाही, १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं की पत्र मिळालं, मीटिंग साधारण अमुक सुमारास. तोंडी बोलून काही होत नाही! गेटपाशी टीचरशी बोललेलं, फोनवर बोललेलं, सगळं हवेत जातं. ईमेल करा, दोन ओळींचा करा, पण करा. मीटिंगमध्ये चर्चा चालू असताना आणि निर्णय होतानासुद्धा तुम्हाला बसायचा हक्क आहे, बरोबर कुणालाही नेऊ शकता, मैत्रीण, शेजारीण, कुणीही. त्यांच्याकडचे रिपोर्ट आधी मागून घ्या, तिथे बसून वाचून काही होत नाही. साधा वर्ग, मदतीसकट, मुलाला पुरेसा असेल आणि आईवडिलांनाही तेच हवं असेल तर त्याचा विचार आधी करावा लागतो, हेही नियमात आहे. आणि सही तिथल्या तिथे करायची सक्ती नाहीये. घरी न्या, रात्री शांतपणे वाचा. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत पुन्हा मीटिंग मागता येते, त्यापुढे अपीलही आहे, आणि अपीलच्या तीन जणांतला एक माणूस तुम्ही निवडता.

मग आयईपी, म्हणजे त्या वर्षात मुलाला काय शिकवायचं, कसं शिकवायचं त्याचा आराखडा. मूल त्या वर्गात जायला लागल्यापासून शाळेचे ३० दिवस होईपर्यंत तयार व्हायला हवा आणि तो करताना पालकांशी बोलणं बंधनकारक आहे. आमच्या पहिल्या आयईपीत लिहिलं होतं, सूचना पाळण्यात प्रगती करेल. म्हणजे काय? किती सूचना, कुणाच्या, कधी? मी आता सरळ विचारते, जूनमध्ये, वर्ष संपताना, तुम्हाला कसं कळणार की हे झालं? यंदाच्या आयईपीत आहे, चित्रांचं वेळापत्रक बघून दप्तर स्वतः भरेल, पाचपैकी चार दिवस, कुणी न सांगता. हे मला घरी करून घेता येतं. सकाळी दारामागे तेच वेळापत्रक लावलंय आम्ही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते कारण ह्यात बरेच जण फसतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, ईए कधी मिळेल, पूर्ण दिवस मिळेल का. ती कमिटी ईएचे तास ठरवत नाही, सुचवू शकते फार तर. अपीलसुद्धा फक्त प्रकार आणि वर्ग ह्यावर करता येतं, तासांवर नाही. ईए साधारणपणे शाळेला मिळते, एका मुलाला नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये मिळालेली ईए नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या वर्गात पळते आणि आपण प्रिन्सिपलवर चिडतो. त्या बाईच्याही हातात काही नसतं बऱ्याचदा. पैसा वर ठरतो, बोर्डात आणि सरकारात. आणि पैसा नाही हे उत्तर ऐकून गप्प बसायचं नसतं हे कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये मूर यांच्या खटल्यात सांगितलंय. ब्रिटिश कोलंबियात डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला जे केंद्र उपयोगी पडलं असतं ते बोर्डाने खर्च वाचवायला बंद केलं, वडील लढले, आणि निकाल लागेपर्यंत मुलगा मोठा झाला होता. कोर्ट म्हणालं, विशेष शिक्षण ही चैन नव्हे, सगळ्यांसाठी असलेल्या शिक्षणापर्यंत पोचायचा तो रॅम्प आहे, आणि दुसरे पर्याय न बघता थेट ह्याच मुलांच्या सोयीवर कात्री चालवता येणार नाही.

आता ज्यासाठी खरं म्हणजे ही पोस्ट लिहायला घेतली ते. प्रत्येक बोर्डात एक सल्लागार समिती असते, सीॲक म्हणतात तिला. कायद्यानेच आहे. त्यात ट्रस्टी असतात आणि ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, लर्निंग डिसॅबिलिटी अशा वेगवेगळ्या पालक-संघटनांनी पाठवलेले जास्तीत जास्त बारा प्रतिनिधी. वर्षाला किमान दहा मीटिंगा. बोर्ड विशेष शिक्षणाचा आराखडा दरवर्षी तपासतं तेव्हा, बजेट करतं तेव्हा, ह्या समितीला त्यात भाग घ्यायची संधी द्यावीच लागते. समितीने शिफारस केली तर निर्णय घ्यायच्या आधी समितीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे ज्या ईएच्या तासांसाठी आपण शाळेच्या ऑफिसात जाऊन डोळ्यात पाणी आणतो त्याचा हिशोब ह्या खोलीत होतो.

आणि त्या खोलीत आपण नसतो. मी गेली चार वर्षं प्रेक्षक म्हणून जातेय. आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत जा, वर्गात निम्मी मुलं आपल्यासारख्या घरांतली, पंजाबी, गुजराती, तमिळ, उर्दू, मराठी. मीटिंगला आमच्यापैकी दोघं-तिघं. कारणं मला माहीत आहेत. शिफ्ट असतात, गाडी एकच असते, लहान मूल कुणाकडे ठेवायचं. समितीचं सदस्य व्हायला ट्रस्टीच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क लागतो, म्हणजे सिटिझन असावं लागतं, पीआरवाल्यांना, म्हणजे कायम राहायची परवानगी आहे पण अजून सिटिझन नाहीत त्यांना, होता येत नाही, हा नियम मला अजिबात पटत नाही कारण मुलं तर त्यांचीही ह्याच शाळांत आहेत. पण मीटिंगला बसायला कुणालाच अडवत नाहीत, आणि समितीतल्या कुणालाही आपला प्रश्न लिहून देता येतो.

पण खरं कारण शिफ्ट नाहीये, खरं कारण लाज आहे. मी हे रागाने म्हणत नाही, मी स्वतः दोन वर्षं मंडळात जायचं बंद केलं होतं. कुणी विचारेल, हा बोलत का नाही, हात असे का हलवतो. गावी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना कळलं ते व्हिडिओ कॉलवर, त्यांनी एवढंच विचारलं की त्याला खायला काय आवडतं. त्या साध्या बाईला जे जमलं ते आम्हाला एवढं शिकून जमत नव्हतं.

माझी मावसबहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिथे पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. ती सांगते की बऱ्याचदा रजिस्टर सहीसाठी घरी येतं. तिने मागच्या वर्षी सही करायला नकार दिला, म्हणाली मीटिंग घ्या, मग सही. मीटिंग झाली, तिने गावातल्या एका मुलीचा विषय काढला जिला नीट चालता येत नाही म्हणून घरी बसवलेलं. रॅम्प होता, पण त्यासमोर शाळेने मोडकी बाकं रचून ठेवलेली. चार आयांनी मिळून त्याच दिवशी बाकं हलवली. ती मुलगी आता शाळेत जाते. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला इथल्या एवढ्या कायद्यांपेक्षा त्या चार जणींचा जास्त आधार वाटला, खरं सांगते.

लेक आता सहावीत आहे. वाक्यं छोटी असतात पण दोन्ही भाषांत असतात. ते बारा शब्दांचं कार्ड चौथ्या ईएच्या गळ्यात आहे, कडा उसवल्यात, मागच्या सोमवारी तिने वहीत लिहून विचारलं की ‘कंटाळा’ म्हणजे काय, आजकाल गणिताच्या तासाला फार म्हणतो. तेरावा शब्द लिहून पाठवलाय. आणि टीचरशी गणिताबद्दल बोलायचंय, ईमेल टाकलाय.

पत्राचा नमुना, कमिटी बसवण्यासाठी प्रिन्सिपलला लिहायचा, माझ्याकडे तयार आहे, कमेंटमध्ये सांगा, पाठवते. तुमच्या बोर्डाच्या सीॲकच्या तारखा बोर्डाच्या साईटवर असतात. आमची पुढची मीटिंग येत्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता आहे. परवा भेटलेली ती मुलगी येतेय. माझ्या गाडीत अजून दोन जागा आहेत, आणि मुलांना सांभाळायला माझा नवरा घरी आहे.