आमच्याकडे जिना कुठंय?

गेला आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर वॉकरवरून जुंपली आहे. धाकट्या भावाचा मुलगा आठ महिन्यांचा झाला. रांगतो, सोफ्याला धरून उभा राहायला बघतो. भावजयीच्या मावशीनं त्याला वॉकर द्यायचं ठरवलं आणि दोन फोटो टाकून विचारलं, निळा घेऊ की पिवळा? मी लिहिलं, कुठलाच घेऊ नका. झालं! पुढे जे काही आलं ते परदेशात राहणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असेल. काका म्हणाले, "आम्ही नाही का वाढलो?" मामेबहिणीनं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे टाकले. कुणीतरी लिहिलं, तिकडे गेलं की माणसं घाबरट होतात. भाऊ मात्र तयारीनं आला होता. "ताई, तुमच्या घरांना बेसमेंट असतं, जिने असतात. आमच्याकडे जिना कुठंय?"

आणि सगळ्यांचं बोलून झाल्यावर, नेहमीप्रमाणे, आईचा व्हॉइस मेसेज. "अगं, नवा कशाला आणायचा? तुझ्याकडे पडलाय की मी दिलेला. डिसेंबरात येशील तेव्हा घेऊन ये."

भावाला मी दहा मिनिटांत उत्तर दिलं. आईला द्यायला चार दिवस लागले.

भावाला काय लिहिलं ते आधी सांगते. मी राहते त्या कॅनडानं ७ एप्रिल २००४ पासून बाळांच्या वॉकरवर बंदी घातली. असं करणारा हा जगातला पहिला देश. विकायचा नाही, बाहेरून आणायचा नाही, जाहिरात करायची नाही, गराज सेलमध्ये जुना म्हणून मांडायचा नाही. घरात एखादा सापडलाच तर हेल्थ कॅनडा, म्हणजे इथलं आरोग्य खातं, सांगतं की मोडून टाका, म्हणजे कचऱ्यातून दुसरं कुणी उचलून नेणार नाही. शेजारी अमेरिकेत बंदी नाही, तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं मागते आहे. २०१८ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात तिथल्या आकड्यांचा अभ्यास आला होता. १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालची सुमारे २ लाख ३० हजार बाळं वॉकरमुळे इमर्जन्सीत पोचली. दहातल्या नऊहून जास्त बाळांना डोक्याला किंवा मानेला लागलं होतं. चारातली जवळजवळ तीन जिन्यावरून पडली होती.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि तिथेच फसले. भावानं तेवढंच उचललं. "बघ, तूच म्हणतेस. जिना!"

आता त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. त्याचा फ्लॅट एका पातळीवर आहे. खिडक्यांना लोखंडी जाळ्या आहेत. इथे टोरंटोत आम्ही अकराव्या मजल्यावर राहायचो तेव्हा खिडकीला एक छोटा अडसर बसवलेला होता. खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडायची नाही. नियमच आहे तसा, अपार्टमेंटच्या मालकाला तो पाळावाच लागतो. गेल्या भेटीत मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "आमच्या जाळीतून तर हातही जात नाही. आणि ती काही कायद्यानं नाही लावली, चोराच्या भीतीनं लावली." मी म्हटलं, आग लागली तर त्याच जाळीतून बाहेर कसा येशील? तो म्हणाला, विषय बदलू नकोस. बदललाच होता मी.

सॉकेटचंही तसंच झालं. भाच्यासाठी मी इथून प्लास्टिकच्या झाकणांचं पाकीट घेऊन ठेवलं होतं, चाळीस नग. नवऱ्यानं बॅग भरताना पाहिलं आणि म्हणाला, तिकडच्या सॉकेटला ही बसतील का? इथली भोकं चपटी, तिथली गोल. वर तिथे प्रत्येक सॉकेटला आपलं बटण असतं, वापर नसला की बंद. इथे ते नसतं. बॅगेतून पाकीट काढलं. ग्रुपवर हे सांगितलेलं नाही.

पण जिन्याचा मुद्दा मी सोडणार नाही. जिना हा वॉकरचा एक गुन्हा झाला, एकमेव नव्हे. वॉकर करतो काय? ज्या बाळाला अजून स्वतःचा तोल सांभाळता येत नाही, त्याला चाकं देतो. बाळ पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं आणि सेकंदाला मीटरभर पुढे जातं. तुम्ही मीटरभर अंतरावर असाल आणि मागे वळून बघायला एक सेकंद लागला, तर ते पोचलेलं असतं. शिवाय वॉकर बाळाला उंच करतो. रांगणाऱ्या मुलाचा हात जमिनीवरच्या वस्तूंना लागतो, वॉकरमधल्याचा टेबलावरच्या. कपाला, लटकणाऱ्या वायरला, कपडा ओढला की त्यावर जे काही असेल त्याला. बाथरूमचं दार उघडं आणि बादली भरलेली असेल तर बादलीला. काही सेंटिमीटर पाण्यातही बाळ बुडतं, बादली भरलेली असायचीही गरज नाही. आणि ज्यासाठी हे सगळं, ते चालणं तर त्यात शिकताच येत नाही. स्वतःचे पाय दिसत नाहीत, पडता येत नाही, तर तोल येणार कुठून? चालायला उलट उशीर होऊ शकतो. हे काही मी कॅनडातून शोधून आणलेलं नाही, आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. भावाच्याच डॉक्टरांनी सांगितलं असेल, यानं ऐकलं नसेल.

काकांच्या "आम्ही नाही का वाढलो?"ला मी एवढंच लिहिलं की, काका, जे वाढले नाहीत ते ग्रुपवर नाहीत. ते जरा लागलं त्यांना. त्यांच्या पाठीवरची एक बहीण तीन वर्षांची असताना गेली होती, हे मला पाठवल्यावर आठवलं. कशानं गेली ते मी कधी विचारलं नाही.

खरा वाद मात्र 'लक्ष' या शब्दाचा आहे. आपल्याकडे मुलाच्या सुरक्षेचं सगळं शास्त्र या एका शब्दात बसवलेलं आहे. लक्ष असलं की झालं. पडलं तर, लक्ष कुठे होतं तुझं? 'तुझं' म्हणजे आईचं, हे वेगळं सांगायला नको. मोबाइल बघत असेल. कुणी असं विचारत नाही की कपाट भिंतीला आवळलेलं का नव्हतं, गोळ्यांची बाटली हाताशी का होती, पडद्याची दोरी पाळण्यापर्यंत का लोंबत होती. इथे मला हे आवडतं, आणि आवडतं म्हटलं की घरी तोंडं वाकडी होतात, तरी म्हणते: इथे धरूनच चालतात की आईचं लक्ष जाणार. ती माणूस आहे, तिला झोप येणार, दूध उतू जाणार, दाराची बेल वाजणार. म्हणून मग वस्तूच बदला. अमेरिकेतले डॉक्टर वॉकरबद्दल एक गोष्ट सांगतात ती मी ग्रुपवर दोनदा टाकली: वॉकरचे बहुतेक अपघात मोठं माणूस बघत असताना होतात. बघत असताना!

दुसऱ्यांदा टाकल्यावर आईनं अंगठा दाखवला. तिला वाटलं असेल, लेक बरोबर बोलते आहे. पण मला ते कुठून ठाऊक, हे तिला ठाऊक नाही.

माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना मी दोन आठवडे घरी जाऊन आले. आईला इथे यायचं होतं बाळंतपणाला, पण तिचा व्हिसा नाकारला गेला होता. कारण नीट कळलंही नाही. तेव्हा परत निघताना तिनं जे जे देता येईल ते बॅगेत कोंबलं. वॉकरची चाकं तिनं स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन काढली, बैठकीची कडी जुन्या साडीत गुंडाळली, स्क्रू औषधाच्या रिकाम्या डबीत भरून वर चिठ्ठी लावली: 'वॉकर'. कायदा मला माहीत नव्हता, असं म्हणायला आवडलं असतं. माहीत होता. पब्लिक हेल्थची नर्स घरी येऊन गेली होती, तिनं दिलेल्या कागदांत स्पष्ट लिहिलेलं होतं. बॅग कुणी उघडली नाही.

नवरा तेव्हा रात्रपाळीला होता, दिवसा झोपायचा. जानेवारी महिना. बाहेर पडायचं तर स्नोसूट चढवण्यातच अर्धा तास जायचा. मला अंघोळीला दहा मिनिटं हवी असायची. पोळ्या लाटायला दोन्ही हात हवे असायचे. स्वयंपाकघराच्या दाराला गेट लावलं होतं, तर तो पलीकडून गेट धरून रडायचा. मग एके दिवशी औषधाची डबी काढली आणि चाकं बसवली. आमच्याकडे जिना कुठंय, असं मीही म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत.

तीन आठवडे फार बरे गेले. तो लॅमिनेटवरून घर्रर्र करत फिरायचा आणि खदखदा हसायचा. गेट उघडंच राहायला लागलं. मग एका सकाळी किटलीचं बटण टक्‌ करून बंद झालं. मी ओट्यापाशी होते, माझं लक्ष त्याच्याकडेच होतं, मी त्याच्याशी बोलत होते. तो भिंतीपासून निघाला, सरळ ओट्याकडे आला, वर हात केला. वायर. किटली वॉकरच्या ट्रेवर आपटली, झाकण उघडलं, बरंच पाणी जमिनीवर गेलं. थोडं त्याच्या पायावर.

वीस मिनिटं त्याचा पाय नळाखाली धरून उभी होते, नवरा गाडी गरम करत होता. इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या वर त्याचा हात पोचला कसा? मी म्हटलं, खुर्ची धरून उभा राहिला होता. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही. चिल्ड्रन्स एडवाले, म्हणजे मुलांची हेळसांड होत नाही ना ते बघणारे, घरी येतील, कुठून आणलात म्हणून विचारतील, एवढंच डोक्यात होतं. घरी आल्यावर रात्री हातोडी घेतली. हेल्थ कॅनडानं सांगितलं होतं तसा मोडला, अगदी बारीक तुकडे, आणि दोन रात्रीत थोडे थोडे गार्बेज शूटमधून, म्हणजे इमारतीतल्या कचऱ्याच्या नळीतून, खाली सोडले. आईला फोनवर सांगितलं, त्याच्या पायावर गरम पाणी उडालं. ते खरंच होतं.

आज तो सात वर्षांचा आहे. पावलावर एक नाण्याएवढा डाग आहे, मोजा घातला की दिसत नाही.

म्हणजे ग्रुपवर मी जे लिहीत होते ते खोटं नव्हतं. पण भावाच्या घरी सकाळी आई असते, भावजयीची आई येऊन-जाऊन असते, शेजारच्या काकू दार न वाजवता आत येतात. तिथे एकाचं लक्ष गेलं तर दुसऱ्याचं असतं. मी लावलेली गेटं, कड्या, कुलपं ही या सगळ्या माणसांच्या जागी होती. एवढं असूनही त्यानं वॉकर घेऊ नये असंच माझं मत आहे. घरात चार माणसं असतील तर वॉकर हवाच कशाला? त्यांना म्हणावं, घ्या उचलून.

परवा आईचाच फोन आला. "काय गं, वॉकरचं काही बोलली नाहीस."

"तो नाहीये आता. देऊन टाकला," मी म्हटलं.

"कुणाला?"

"इथलीच एक होती. नवरा रात्रपाळीला, घरात दुसरं कुणी नाही. बाळाला ठेवायचं कुठे, असं झालं होतं तिला."

"बिचारी," आई म्हणाली. "बरं केलंस. तिची आई नव्हती का आली?"

"नाही. व्हिसा झाला नव्हता तिचा."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मागे भाचा रडत होता, कुणीतरी त्याला उचलल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "पाय कुठला गं भाजला होता त्याचा?"

"डावा," मी म्हटलं.