लिप्टनचा कप आणि ‘चुकलेलं’ पत्र

ताईने परवा भाच्याच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. पोरगं ठणकावून सांगतंय: ‘पहिला फुटबॉल विश्वचषक १९०९ साली वेस्ट ऑकलंडच्या खाणकामगारांनी जिंकला, बलाढ्य युव्हेंटसला ६-१ने धूळ चारून! आणि त्यांना आमंत्रण गेलं होतं तेच मुळी चुकून!’ वर नकाशात बोट न्यूझीलंडवर. हा मजकूर वर्षभर ग्रुपांवर फिरत होता, मी सोडून देत होतो. आता घरातच शिरला म्हटल्यावर गप्प बसवेना.

गाव न्यूझीलंडमधलं नव्हे, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातलं. इटलीतल्या तुरिनला १९०९ आणि १९११ साली लिप्टन कपच्या स्पर्धा झाल्या; आरएसएसएसएफ या संकेतस्थळावरच्या फुटबॉल-नोंदींत दोन्हींचे निकाल आहेत, दोन मिनिटांत सापडतात. १९०९च्या अंतिम सामन्यात समोर स्वित्झर्लंडचा विंटरथूर होता, निकाल २-०. तुरिनच्याच युव्हेंटसवरचा ६-१ हा १९११चा. फॉरवर्डवाल्याने दोन स्पर्धांची खिचडी केली.

‘बलाढ्य’ तर सोडाच. शाळकरी पोरांनी १८९७ साली काढलेल्या युव्हेंटसकडे १९११पर्यंत इटलीचं एकच विजेतेपद होतं, १९०५चं. आजचा युव्हेंटस तेव्हाच्या मैदानावर उभा करायचा नसतो.

पण मला खरा राग आहे तो त्या पत्राचा. म्हणे संयोजकांना लंडनचा वुलिच आर्सेनल (आजचा आर्सेनल) हवा होता, पण कागदावर नुसतं ‘डब्ल्यू. ए.’ होतं म्हणून पत्र वेस्ट ऑकलंडला गेलं. बरं, १९०९ साली गफलत झाली असं धरू. मग १९११ साली तोच संघ पुन्हा तुरिनला कसा? तेव्हाही चूक? आणि दोन्ही वेळा स्पर्धा ईस्टरच्या रविवार-सोमवारी झाली. ईस्टर म्हणजे इंग्लिश लीगची ऐन धामधूम. पहिल्या विभागातला व्यावसायिक आर्सेनल ती टाकून इटलीला निघेल, ही आशा कुणी धरली असेल?

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने संघ पाठवायला नकार दिला, तेव्हा हौशी संघ शोधणं भागच होतं. आणि हौशी फुटबॉलसाठी डरहॅमसारखा मुलूख नव्हता. शेजारच्या बिशप ऑकलंडने १८९६ आणि १९०० साली देशाचा हौशी कप जिंकला होता, क्रूक टाउनने १९०१ साली. अशा शेजाऱ्यांशी नॉर्दर्न लीगमध्ये भिडणाऱ्या संघाला कारकुनाच्या चुकीची गरज नव्हती. तरी लोकांना गोष्ट हवी ती चुकीचीच. खाणीत राबणारा माणूस जिंकला तर ते नशीब, असं म्हणायला बरं वाटतं.

‘पहिला विश्वचषक’ यात, नाइलाजाने मान्य करतो, थोडं तथ्य आहे. चार देशांतले क्लब होते, गावातही हाच दावा मिरवतात. पण ही क्लबांची निमंत्रित स्पर्धा होती, कप चहावाल्या सर थॉमस लिप्टनचा. हो, आपल्या डब्यावरचाच लिप्टन. आणि ‘जगज्जेते’ म्हणवून घ्यायचंच तर १८८८ साली इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविचला ४-१ने हरवून स्कॉटलंडच्या रेंटन गावाने ती पाटी आधीच लावली होती.

त्याच मजकुरातलं ‘मूळ कप आजही क्लबात झळकतो’ हेही खोटं. दोनदा जिंकून कायमचा मिळवलेला कप कर्जापायी स्थानिक हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला, १९६० साली १०० पौंड मोजून सोडवला आणि १९९४ साली चोरीला गेला. आज आहे ती प्रतिकृती.

भाच्याला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण मामा, पत्राचं काढलं तर टाळ्या कुठे पडणार?”

म्हटलं, सहा-एकवर पाड. साल मात्र बदल.