सैतानाला कशाला मध्ये आणता?

माझ्या मावशीला इंग्रजी गाण्यांशी काही देणंघेणं नाही. तरी मागच्या महिन्यात तिनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली मला विचारलं, "अरे, तू कॉलेजात असताना रात्री-बेरात्री वाजवायचास ते हेच का रे?"

हेच. 'ईगल्स' या अमेरिकन बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हे सैतानपूजेचं गाणं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया स्ट्रीटवरचं एक हॉटेल अँटन लाव्हे नावाच्या माणसानं विकत घेतलं, तिथं 'चर्च ऑफ सेटन' काढलं आणि गाणं त्याच जागेबद्दल आहे. गाण्यात १९६९ साल येतं, कारण त्या वर्षी लाव्हेचं 'सैतानी बायबल' छापलं गेलं. मेजवानीत सुऱ्यांनी श्वापदाला भोसकतात तो बळी. दूरवर वाजणारी घंटा ही त्यांच्या पूजेची. आणि अल्बमच्या आतल्या फोटोत बाल्कनीत उभा आहे तो खुद्द लाव्हे. शेवटी नेहमीचं, 'मुलांना गिटारच्या क्लासला घालण्याआधी वाचा'.

व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून ही गोष्ट फिरते आहे. आता ती माझ्या मावशीपर्यंत पोचली, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी हॉटेल. लाव्हे हा माणूस खरा, त्याचा पंथही खरा, १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालेला. पण पंथाचं ठाणं म्हणजे लाव्हेचं राहतं घर होतं, बाहेरून काळं रंगवलेलं. विकत घेतलेलं हॉटेल वगैरे काही नाही. घराचा पत्ता मात्र कॅलिफोर्निया स्ट्रीट, आणि तेवढ्यावर हा सगळा डोलारा उभा. याला आपल्याकडे बादरायण संबंध म्हणतात. लक्ष्मी रोडला राहतो म्हणजे श्रीमंत असणार, तशातली गत.

मग खरं हॉटेल कुठलं? गाण्यातलं कुठलंच नाही. अल्बमच्या मुखपृष्ठावर दिसतं ते लॉस एंजेलिसजवळचं बेव्हर्ली हिल्स हॉटेल. डेव्हिड अलेक्झांडर या फोटोग्राफरनं सनसेट बुलेव्हार्डवर क्रेनच्या पाळण्यात साठेक फूट वर चढून, मावळतीच्या उजेडात तो फोटो काढला. मेक्सिकोत तोदोस सांतोस गावी 'हॉटेल कॅलिफोर्निया' नावाचं हॉटेल आहे, तेच गाण्यातलं असं समजून पर्यटक तिथं जातात. नावाच्या या वापरावरून २०१७ मध्ये ईगल्सनी त्या हॉटेलला कोर्टात खेचलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

बाल्कनीतली आकृती. आतला फोटो हॉलिवूडमधल्या लिडो नावाच्या हॉटेलच्या लॉबीत काढलेला आहे. खाली माणसांची गर्दी, वर बाल्कनीत सावलीत एक जण. ती फोटोसाठी पैसे देऊन आणलेली एक बाई होती. फोटो धूसर आहे हे कबूल. पण धूसर फोटोत आपल्याला हवा तो माणूस दिसतोच, भिंतीवरच्या ओलीत गणपती दिसतो तसा.

१९६९ च्या मुद्द्यात मात्र अर्धा दम आहे. 'सैतानी बायबल' खरंच त्या वर्षी आलं. त्याच वर्षी माणूस चंद्रावरही उतरला, पण हे गाणं चंद्राबद्दल आहे असं कोणी म्हणत नाही. गाण्यात पाहुणा वाइन मागतो आणि तिथला माणूस सांगतो की ते 'स्पिरिट' आमच्याकडे १९६९ पासून नाही. 'स्पिरिट' म्हणजे दारू, आणि 'स्पिरिट' म्हणजे एखाद्या काळातली धग, जिद्द. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला लाखो पोरं चिखलात बसून गाणी ऐकत होती. डिसेंबरात आल्टामाँटला रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम चालू असताना स्टेजसमोरच एका तरुणाला भोसकून मारलं. साठच्या दशकाची ती स्वप्नं तिथंच संपली असं अमेरिकेत आजही म्हणतात. वाइन हे काही 'स्पिरिट' नव्हे, ती गाळलेली दारू नसते, अशी चूक एका पत्रकारानं २००९ मध्ये गाण्याचा गायक डॉन हेन्लीला दाखवली. ओळ दारूबद्दल नाहीच, सामाजिक-राजकीय आहे, असं हेन्लीनं जरा वैतागूनच सांगितलं. मीही वैतागलो असतो.

सुऱ्यांची गोष्ट तर निव्वळ गमतीची. 'स्टीली डॅन' हा बँड तेव्हा जोरात होता आणि दोघांचा मॅनेजर एकच. त्यांच्या १९७६ च्या एका गाण्यात भांडणारं जोडपं आहे. शेजारी ऐकताहेत, ईगल्सचा आवाज वाढव, असं त्यातलं एक जण म्हणतं. ईगल्सनी परतफेड म्हणून सुऱ्यांना 'स्टीली' हे विशेषण लावलं. बळी गेलाच असेल तर शब्दाचा.

घंटेबद्दल थोडं. स्पॅनिश पाद्र्यांनी कॅलिफोर्नियात एकवीस मिशन्स, म्हणजे धर्मप्रसाराची ठाणी, उभारली. त्यांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्याची खूण म्हणून १९०६ पासून वाकड्या खांबांवर घंटा टांगायला सुरुवात झाली. त्या हमरस्त्यावर आजही दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाच्या गाण्यात मिशनची घंटा येणं हे पुणे-मुंबई प्रवासाच्या गाण्यात घाट येण्याइतकं साहजिक आहे. (वाळवंटातल्या वाऱ्यावरचा तो वास मात्र गांजाच्या बोंडांचा. तिथं मी गाण्याचं वकीलपत्र घेत नाही.)

उलटं वाजवलं की सैतानाचं नाव ऐकू येतं म्हणे. उलटं वाजवलं की मला कुकरची शिट्टी ऐकू येते.

आता गाणं खरं कुठून आलं ते सांगतो. ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डर. त्यानं लॉस एंजेलिसजवळ मालिबूला समुद्रकाठी घर भाड्यानं घेतलं होतं. दुपारी सोफ्यावर बारा तारांची गिटार घेऊन बसला असताना त्याला सुरावटींची ही साखळी सुचली. रिदम मशीन लावून त्यानं घरच्या टेपवर ती भरून ठेवली. चाल जराशी रेगेची, रंग जरासा स्पॅनिश, म्हणून बँडमध्ये गाण्याचं कच्चं नाव पडलं 'मेक्सिकन रेगे'. शब्द हेन्ली आणि बँडमधल्याच ग्लेन फ्रायचे. रेकॉर्डिंगच्या वेळी बँडमध्ये पाच जण होते आणि एकही कॅलिफोर्नियात जन्मलेला नव्हता. टेक्सास, डेट्रॉइट, फ्लोरिडा, कॅन्सस, नेब्रास्का असे कुठून कुठून आलेले. रात्री वाळवंटातून गाडी हाकताना क्षितिजावर लॉस एंजेलिसचे दिवे दिसायला लागतात, तिथून गाणं सुरू होतं. पैसा, नाव, नशा, आणि मग बाहेर पडायला दार नाही. यात सैतान कशाला हवा? शहर पुरेसं आहे.

मूळ सूर ई मायनर होता, तो हेन्लीच्या गळ्याला बसेना, म्हणून बी मायनरवर आले. शिकणाऱ्या पोरांची बोटं याच गाण्यावर का अडतात ते इथं कळतं: कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) सातव्या पट्टीवर लावला की बोटं ई मायनरचीच राहतात. हे मला कळायला दोन वर्षं लागली, तोवर मी एका बोटानं सगळ्या तारा दाबायचे ते बार कॉर्ड दाबून हात मोडून घेत होतो.

मायामीच्या स्टुडिओत शेवटचा सोलो करायची वेळ आली. फेल्डर आणि दुसरा गिटारवादक जो वॉल्श नवीन काहीतरी वाजवायला लागले, तसं हेन्लीनं थांबवलं. डेमोत, म्हणजे घरच्या त्या टेपवर, होतं तस्संच हवं. पण डेमोची कॅसेट मालिबूला घरी! फेल्डरनं घरच्या मोलकरणीला फोन लावला, तिनं कॅसेट शोधून टेपमध्ये घातली आणि रिसीव्हर टेपसमोर धरला. इकडे मायामीत तो स्वतःचाच सोलो फोनवरून उतरवून घेत होता.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तर मावसभावाचं उत्तर आलं: "सैतानाचं नसेल, पण चोरीचं आहे. जेथ्रो टल ऐक." जेथ्रो टल हा ब्रिटिश बँड, त्यांचं १९६९ चं 'वी यूज्ड टू नो' मी ऐकलेलं आहे. कॉर्डची साखळी खरोखर जवळची आहे, नाकारण्यात अर्थ नाही. ईगल्स १९७२ मध्ये टलच्या दौऱ्यात आधी वाजवायचे, हेही खरं. पण चाल बांधणारा फेल्डर तेव्हा ईगल्समध्ये नव्हताच, तो १९७४ मध्ये आला. आणि कॉर्डच्या साखळीवर मालकी सांगायची तर भैरवी गाणाऱ्या प्रत्येकाला नोटीस पाठवावी लागेल. टलचा गायक इयन अँडरसन स्वतः याला चोरी म्हणत नाही.

मे १९७७ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. साडेसहा मिनिटांचं गाणं रेडिओसाठी कापा, असं कंपनी म्हणत होती आणि बँडनं नकार दिला होता.

परवा मावशीकडे गेलो तेव्हा फोनवर तिला पूर्ण ऐकवलं. शब्द तिला कळले नाहीत. गाणारा थांबल्यावर तिनं चहाचा कप खाली ठेवला. दोन गिटारी आणखी दोन मिनिटं एकमेकींच्या मागे धावत राहिल्या. मग ती म्हणाली, "गाणं संपलं तरी हे थांबेनात. आमच्या भजनी मंडळात असं केलं असतं तर बुवांनी टाळ काढून घेतले असते."