मळमळतंय म्हणून मिठाचं पाणी? तो मेसेज आधी डिलीट करा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी, सकाळी सहाला धाकट्या बहिणीचा फोन. तिला तिसरा महिना, सासर अमळनेरकडच्या खेड्यात, आखाजीला माहेरी येणार म्हणून आईची तयारी चाललेली. आवाज इतका बारीक आला की आधी मला कळलंच नाही कोण बोलतंय. "ताई, पोटमा पाणी बी टिकस नई व." मग म्हणाली मोरीशी बसलेय, सासूबाई तांब्या घेऊन उभ्या आहेत, मिठाचं पाणी प्यायचं आणि बोटं घालून सगळं काढायचं, आज तिसरा दिवस.

तिसरा दिवस! बाहेर 44 डिग्री ऊन, पोरीच्या पोटात दोन दिवस दाणा नाही, आणि आपण तिला मीठ पाजतोय.

सासूबाई वाईट नाहीत हे आधीच सांगते. रात्र रात्र त्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत बसल्यात. त्यांना भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, त्यांनी विश्वास ठेवला. तोच मेसेज माझ्या कॉलनीच्या ग्रुपवर आलाय, माझ्या चुलत काकांनीही पाठवलाय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: कितीही जुनी मळमळ असो, डॉक्टरकडे जाऊ नका, मळमळ म्हणजे पोटात साठलेलं विषारी पित्त. तांब्याभर कोमट पाण्यात 3 मोठे चमचे मीठ घालून 7 दिवस अनशापोटी प्या आणि उलटी काढा, गर्भवतीलाही चालतं, आयुर्वेदात सांगितलंय. तोपर्यंत अन्न बंद. नंतर रोज लिंबू-सोडा, गव्हाच्या दाण्याएवढा चुना, आल्याचा रस आणि मनगटावरचा पॉइंट दाबणे. शेवटी, उलटीच्या गोळ्यांनी बाळ अपंग जन्मतं. खाली हात जोडलेले आणि "10 जणांना पाठवा, पुण्य मिळेल".

मिठापासूनच सुरू करते कारण बाकीचं चुकलं तर त्रास होईल, हे चुकलं तर माणूस जाईल. बारीक मिठाचा एक सपाट मोठा चमचा म्हणजे साधारण 17-18 ग्रॅम, तीन म्हणजे 50 ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे दहा दिवसांचं मीठ एका तांब्यात. मेसेजवाला म्हणतो ते उलटीतून निघून जातं. आणि उलटी झालीच नाही तर? किंवा अर्धीच झाली तर? ते मीठ पोटातच राहतं, रक्तात जातं, रक्तातलं सोडियम वाढलं की मेंदूच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, मेंदू आकसतो, झटके येतात, माणूस बेशुद्ध पडतो. ज्याला आधीच उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालंय त्याच्यात हे आणखी लवकर होतं. मिठामुळे झालेल्या मृत्यूंचा एक आढावा 2017 साली न्यूट्रिएंट्स नावाच्या नियतकालिकात आला होता, त्यात काही मोठी माणसं चार मोठ्या चमच्यांपेक्षा कमी मिठाने गेल्याची नोंद आहे आणि लहान मुलं तर पाच लहान चमच्यांच्या आत. पूर्वी विष पोटात गेलं तर डॉक्टरसुद्धा मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचे, ते याच कारणाने बंद झालं. आणि हा उपाय आपण तिसऱ्या महिन्यातल्या बाईला सात दिवस सांगतोय.

"आयुर्वेदात सांगितलंय" याने तर माझा सगळ्यात जास्त संताप झाला. हो, आयुर्वेदात वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं आहे, पंचकर्मातलं पहिलं कर्म, ते मी नाकारत नाही. पण वमन म्हणजे मोरीशी बसून बोटं घालणं नव्हे. आधी काही दिवस तूप पाजून स्नेहन, मग घाम काढायचं स्वेदन, मग वैद्य समोर बसून नाडी बघत औषध देतात आणि नंतर कितीतरी दिवस पेजेपासून हळूहळू जेवण वाढवतात. आणि वमन कुणाला द्यायचं नाही याची यादीच चरकसंहितेत आहे, सिद्धिस्थान, दुसरा अध्याय. त्या यादीत गर्भिणी आहे. म्हणजे ज्या ग्रंथाचं नाव घेऊन तुम्ही गरोदर बाईला उलट्या करायला लावताय, तोच ग्रंथ नको म्हणतोय. सासूबाईंना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "मला कुणी असं सांगितलंच नाही हो ताई."

आता ते "विषारी पित्त". आपल्याकडे मळमळलं की पित्त, डोकं दुखलं की पित्त, आणि आंबट पाणी वर येणारी ॲसिडिटी असेल तर त्याला पित्त म्हणायला माझी हरकत नाही. पण गरोदरपणातली मळमळ पोटात साठलेल्या घाणीची नाहीच. डिसेंबर 2023 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात मार्लेना फेझो आणि केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली यांच्या टीमचं संशोधन आलंय. बाळ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-15 नावाचं हार्मोन आईच्या रक्तात येतं आणि ते मेंदूच्या मागच्या, खालच्या भागावर काम करून मळमळ आणतं. ज्या बायकांच्या अंगात गरोदरपणाआधी हे हार्मोन कमी असतं त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्यांना त्रास जास्त. उलट थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या काही रुग्ण बायकांमध्ये ते आधीपासूनच भरपूर असतं, तर त्यांना गरोदरपणी मळमळ फारशी झालीच नाही. फेझोबाईंना स्वतःला 1999 मध्ये असाच भयंकर त्रास झाला होता, बाळ गेलं, आणि तेव्हा त्यांना पण ऐकवलं गेलं की हे तुझ्या मनाचं आहे. तेव्हा सांगा, जी मळमळ रक्तातून मेंदूत जाऊन होतेय ती पोट रिकामं करून कशी जाणार? माझ्या बहिणीचं पोट रिकामंच होतं, नुसतं पिवळं कडू पाणी पडत होतं, आणि ते पिवळं बघून घरच्यांना वाटत होतं बघा विष निघतंय. अहो, पोटात दुसरं काही नसलं की शेवटी पित्तच येणार, ते विष निघत नव्हतं, उपाशीपण दिसत होतं.

यावरूनच "अन्न बंद" पण निकालात निघतं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, ज्या बाईने दिवस काढलेत तिला विचारा. बहिणीला जे लागू पडलं ते एवढंच, उशाशी डब्यात ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेली बिबडी (ज्वारीचे पापड), डोळे उघडले की उठायच्या आधी पडल्या पडल्या दोन तुकडे चावायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, मग उठायचं. दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात घोट घोट. लसणाच्या फोडणीचा आणि मसाला भाजायचा वास तिला सहन होत नव्हता तर स्वयंपाक जाऊबाईंनी घेतला, आणि तिला थंड झालेली भाकरी-दूध, केळी. घरगुती उपाय म्हणतात तो हा. मी घरगुती उपायांच्या विरोधात नाहीये, कृपा करून कुणी तसं म्हणू नका.

आल्याचं तर मान्यच करते. आल्याने गरोदरपणातली मळमळ थोडी कमी होते असं दाखवणारे अभ्यास आहेत, अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने पण 2018 च्या आपल्या सूचनांमध्ये आलं वापरून बघायला हरकत नाही म्हटलंय. पण फायदा मळमळीवर, उलट्या थांबवण्यात फारसा नाही, आणि अभ्यासात दिवसाला साधारण 1 ग्रॅम सुंठेची पूड होती, वाटीभर रस नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारून घ्या. मनगटाचा पॉइंट दाबा खुशाल, बऱ्याच जणांना बरं वाटतं आणि नुकसान काही नाही. चुना नको, तो तोंड आणि अन्ननलिका भाजणारा पदार्थ आहे, कॅल्शियम हवं तर गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. खायचा सोडा एका लहान चमच्यात सोडियम साधारण 1200 मिलिग्रॅम, दिवसाची मर्यादा 2000, म्हणजे बीपी आणि किडनीवाल्याने रोज घ्यायची ही गोष्ट नाही.

माझ्या वडिलांनी हाच लिंबू-सोडा दोन महिने घेतला. शुगरची मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून मळमळ होती, कुणी गोळीशी संबंधच जोडला नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारलं गोळी कधी घेता, हे म्हणाले सकाळी उपाशीपोटी. जेवणासोबत घ्यायला सांगितली, हळूहळू विरघळणारी दिली, आठवड्यात मळमळ गेली. कायमची मळमळ ही बऱ्याचदा अशी असते, तिचं कारण दुसरीकडे असतं. लोहाची गोळी, दुखण्याची गोळी, अर्धशिशी, कानाचा तोल, किडनी. कावीळ तर डोळे पिवळे व्हायच्या आधी मळमळीनेच सुरू होते, आणि दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाली तर 20 ते 25 टक्के बायका दगावतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शुगरवाल्या माणसाला आणि बायकांना हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखता नुसता घाम आणि मळमळ घेऊन येतो. अशा माणसाला "डॉक्टरकडे जाऊ नका" म्हणून घरी बसवून ठेवायचं?

आपल्या भागात आणखी एक, आणि हे प्रत्येक कपाशीवाल्याने वाचा. फवारणी करून आल्यावर मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हे फवारणीचं औषध लागल्याचं लक्षण आहे, पित्ताचं नाही. 2017 साली यवतमाळला फवारणीत शेतकरी गेले ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. यात विष कातडीतून आणि श्वासातून जातं, उलटी काढून काय निघणार? उलट औषधातलं तेल फुप्फुसात जायचा धोका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि 108 ला फोन करा.

राहिलं "गोळ्यांनी बाळ अपंग". यात एक खरी गोष्ट आहे म्हणून लोकांना पटतं. थॅलिडोमाइड नावाची गोळी 1957 साली पश्चिम जर्मनीत आली, गरोदर बायकांना मळमळीवर दिली गेली, जगभरात 10 हजारांवर मुलं हातापायांच्या व्यंगाने जन्मली, 1961 मध्ये ती मागे घेतली. भीती खोटी नाही. पण आज मळमळीवर पहिली दिली जाते ती डॉक्सिलामाइन आणि बी-6 जीवनसत्त्वाची गोळी वेगळी. तिच्यावरही अमेरिकेत खटले झाले, 1983 मध्ये कंपनीने ती बाजारातून काढली, व्यंगाशी संबंध सापडला नाही, 2013 मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या एफडीएने परत मंजूर केली. लाखो बायकांनी घेतलेली गोळी आहे. साठ वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या औषधाचं पाप हिच्या माथी मारून पोरींना मिठाचं पाणी पाजणं, याला काय म्हणायचं.

बहिणीला आम्ही त्याच दिवशी तालुक्याला नेलं. जाताना तिने ओढणी तोंडात धरलेली, ओठ सोललेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आदल्या रात्रीपासून लघवी नाही. वजन 52 वरून 48 वर आलेलं. वजनाच्या 5 टक्क्यांवर घट झाली की तो साधा त्रास राहत नाही, ती तर त्याच्याही पुढे गेली होती. लघवीत कीटोन, म्हणजे उपासमारीची खूण, आणि रक्तात सोडियम वाढलेलं. डॉक्टरांनी आधी बी-1 चं इंजेक्शन दिलं, मग सलाईन, कारण इतक्या दिवसांच्या उपासानंतर बी-1 न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मिठाचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, किती चमचे? सोडियम हळूहळूच उतरवावं लागतं म्हणे, घाईने उतरवलं तर तेही मेंदूला बाधतं. चार दिवस ठेवलं. आखाजी दवाखान्यातच झाली, आई पुरणाचे मांडे घेऊन आली ते नर्सबाईंनी खाल्ले.

तुमच्या घरात कुणाला 24 तास पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी नसेल किंवा चहासारखी होत असेल, उलटीत रक्त, डोळे पिवळे, डोकं असह्य दुखत असेल, पोटात किंवा छातीत दुखत असेल, तर आलं-लिंबू शोधत बसू नका, गाडी काढा. निघेपर्यंत ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, चमच्या चमच्याने. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. अर्धा लहान. तीन मोठे नाही.

आता तिला पाचवा महिना लागलाय, दात घासताना अजून मळमळतं पण जेवते. सासूबाईंनी त्याच भजनी मंडळाच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितलं की तो उपाय कुणी करू नका, माझ्या सुनेला दवाखान्यात न्यावं लागलं. दोघी-तिघींनी उत्तर दिलं. आणि काल परत तोच मेसेज त्याच ग्रुपवर आला, आता वर कुठल्याशा महाराजांचं नाव लावून, मीठ तेवढंच, तीन मोठे चमचे.