प्लेस्टेशनच्या लेखी आमचा मुलगा १९८१ सालचा

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड: मुलांना बिघडवणाऱ्या गेम्सवर सरकारने बंदी घालावी. खाली अंगठ्यांची रांग. मीही उमटवणार होतो, पण लाज वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांसाठी (वय ११) प्लेस्टेशन घेतलं. सोबत कर्वे रोडवरच्या एका दुकानातून जीटीए फाइव्हची सेकंडहँड डिस्क. डबीच्या कोपऱ्यात लाल चौकोनात १८ छापलेलं. ते मी पाहिलं होतं. "गाड्या चालवायचा गेम आहे बाबा, वर्गात सगळे खेळतात," एवढ्यावर विरघळलो. वर दुकानदाराशी घासाघीस करून दोनशे कमी केल्याचा आनंद.

घरी अकाउंट उघडताना जन्मतारीख विचारली. त्याची टाकली की लहान मुलाचं अकाउंट, पालकांची परवानगी, कोणता गेम चालेल, किती वेळ चालेल... रात्रीचे साडेदहा वाजलेले, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून नुकताच सुटलेलो. दिली ठोकून माझी.

पंधरा दिवसांनी आई स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अरे, तो आत कुणाचे तरी दात उपटतोय."

खरंच उपटत होता. खुर्चीला बांधलेला माणूस, हातात पक्कड. शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं, सिनेमात असं दृश्य आपण बघतो, इथे बटण आपणच दाबायचं असतं. ज्यांनी बनवलं त्यांनी मोठ्यांसाठी बनवलं आणि तसं डबीवर छापलंही. ते ओलांडून मुलाच्या हातात दिलं मी.

बंदीचं म्हणाल तर २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर आलीच होती. पुढच्या जुलैत तोच गेम बीजीएमआय नावाने हजर. मधल्या काळात आमच्या बिल्डिंगमधली पोरं काय लगोरी खेळत होती? फ्री फायर खेळत होती.

गेम खेळून मुलं खुनी होतात हेही मला पटत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एपीएने, २०२० मध्ये सांगितलं की हिंसक गेम्सचा आरडाओरडा, धक्काबुक्की अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्याखुऱ्या हिंसाचाराशी जोडावा इतका पुरावा नाही. म्हणून काही दात उपटणं अकरा वर्षांच्या मुलासाठी ठीक ठरत नाही. त्याला पुरावा कशाला हवा? आजीला दारातून कळलं.

आणि गेमचं तरी काय घेऊन बसलोय. जेवताना टीव्हीवर क्राइम सिरीज लावणारा मीच. शिव्या आल्या की आवाज कमी करायचा, ही आमची सेन्सॉरशिप. (कमी करेपर्यंत त्याची पाठ झालेली असते.) तेरा वर्षांवरच्या मजकुराला कुलूप लावता येईल अशी सोय २०२१ च्या नियमांनी ओटीटीवाल्यांना द्यायला लावली. मी पिन लावलाही होता. त्याच्याच वाढदिवसाचा.

गेल्या रविवारी त्याच्या खऱ्या जन्मतारखेने नवं अकाउंट उघडलं. त्यासाठी दोघांनी बसून दीड तास घालवला. जुन्यातली सगळी प्रगती गेली, जीटीए गेला. तीन दिवस घरात अबोला. आजीने थालीपीठ लावून मध्यस्थी करून पाहिली, थालीपीठ संपलं, अबोला तसाच. चौथ्या दिवशी जेवताना मी सवयीने सिरीज लावली, तेव्हा साहेब पहिल्यांदा बोलले:

"बाबा, आधी तो पिन बदला. मला कधीचा माहितीये."