मोजायचंच असेल तर कुंपणावर मोजा

मुंबईत तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेल्या माहुलमध्ये रात्री उग्र वास सुटतो तेव्हा फोन कुठे करायचा हे तिथल्या लोकांना पाठ आहे. पण कुणी बघायला येईपर्यंत वारा फिरलेला असतो आणि तक्रारीला पुरावा उरत नाही.

मी चेंबूरचा. आमच्याकडे तो वास अधूनमधून येतो, माहुलगाव आणि आंबापाड्यात तो घरातच मुक्कामाला असतो. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीत तिथल्या सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. २०१५ मध्ये पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. २०२० मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि दोन साठवणूक कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठोठावली. एवढं सगळं होऊनही, काल रात्री कारखान्यांच्या भिंतीबाहेर किती बेंझिन (तेलाच्या वाफांमधलं विषारी रसायन) आलं, हे तिथल्या आईला आज कुठे वाचता येतं?

कारखान्यांच्या चिमण्यांवर ऑनलाइन मीटर आहेत, हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. अहो, पण बेंझिनच्या या वाफा बहुतेक चिमणीतून येतच नाहीत! त्या टाकीच्या झाकणाच्या फटीतून, व्हॉल्व्हच्या जोडातून, टँकर आणि जहाजं भरताना, सांडपाण्याच्या हौदावरून सुटतात. आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हा वादाचा विषय राहिलेला नाही.

अमेरिकेत २०१५ च्या नियमाने तेलशुद्धीकरण कारखान्यांना कुंपणाभोवती बेंझिन मोजणं सक्तीचं झालं. त्यासाठी लागते ती शोषक पदार्थ भरलेली छोटी नळी, जिला वीजसुद्धा लागत नाही. दर दोन आठवड्यांनी नळ्या बदलतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. मला सगळ्यात पटलं ते त्यांचं गणित. कुंपणावरच्या सर्वांत जास्त आकड्यातून सर्वांत कमी आकडा वजा करतात, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांकडून आलेलं बेंझिन बऱ्यापैकी बाजूला पडतं. ‘हे आमचं नाही, ट्रॅफिकचं आहे’ म्हणायची सोय राहत नाही. या फरकाची वर्षाची सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, की कारखान्याला ४५ दिवसांत कारण शोधावं लागतं आणि दुरुस्तीची पहिली पावलं उचलावी लागतात. आकडे लोकांसाठी खुले असतात.

आपल्याकडे हवेतल्या बेंझिनची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून. मर्यादा कडक आहे, पण भिंतीलगत मोजून रोज लोकांसमोर ठेवलं नाही तर ती कागदावरच राहणार. शहरातल्या एखाद्या केंद्राचा सरासरी आकडा माहुलच्या खिडकीतली हवा सांगू शकत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांना चालू ठेवण्याचं संमतीपत्र देतं, त्यात अटी घालतं. पुढच्या नूतनीकरणात ही एक अट घालाच: कुंपणाच्या चारही बाजूंना मोजणी, तपासणी कारखान्याबाहेरच्या प्रयोगशाळेत, आणि वस्तीच्या बाजूला सतत चालणारं यंत्र, कारण दोन आठवड्यांच्या सरासरीत एका रात्रीची गळती बुडून जाते. आकडे माहुलच्या नाक्यावर, मराठीत आणि हिंदीत लावा. चेंबूर, माहुल, वाशीनाका, ट्रॉम्बे इथल्या लोकांनी मंडळाला हे लेखी कळवावं. पत्राचा मसुदा मी कॉमेंटमध्ये टाकतोय.